वरच्या फळीवरचे साबण

ऊर्जानगर
२३ नोव्हेंबर

दिव्या, जयभीम.

तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस, म्हणून हे पत्र. बरंच केलंस म्हणा. फोनवर तुझी सासू किती आणि कशी बोलते हे तुझ्याइतकं कोणाला माहीत! तीस वर्षं शाळेत पोरांवर ओरडून माझा गळा असा झाला आहे की मी साधं 'पाणी आण' म्हटलं तरी शेजारच्या क्वार्टरमधली रिना दचकते. कागदावर निदान आवाज चढत नाही.

तुला जाऊन आज तीन आठवडे झाले. तू पोंभुर्ण्याकडे, आपल्या आईजवळ आहेस, एवढंच अश्विन सांगतो. वीजकेंद्रातली पाळी करून येतो, जेवतो आणि भिंतीकडे तोंड करून झोपतो. आज सकाळी तेवढं बोलला, "आई, गॅलरीतलं तिचं साबणाचं सामान भंगारवाल्याले देऊन टाक." मी लगेच कंबर कसली. घर आवरायची संधी मी कधी सोडली आहे?

तराजू, गाळण्या, रंगांच्या बाटल्या असं एकेक काढत गेले. सगळ्यांत खाली जुन्या ब्लँकेटात गुंडाळलेली एक लाकडी पेटी निघाली. तू जायच्या आदल्या दिवशी भरलेली असणार. उघडून पाहिलं तर वर पांढरी भुकटी आणि खाली मातकट तपकिरी. चिखलाची वीट बरी. म्हटलं, गेलं कामातून, बुरशी आली. पेटी तेवढी वाचवावी म्हणून उपडी करून ठोकली आणि वीट बाहेर काढली. कचऱ्याच्या डब्यात ती मावेना, म्हणून भाजी चिरायची पावशी पुढ्यात घेऊन बसले.

दिव्या, आत काय होतं ते तुला कसं सांगू!

निळं होतं. त्या निळ्यातून पांढरं वळत वळत गेलं होतं, आणि पांढऱ्याच्या काठाकाठाने शेंदरी रंगाची एक बारीक रेघ, सुईने ओढावी तशी. मी दुसरी वडी कापली. त्यात तीच रेघ वर चढून फुटली होती आणि तिचं पान झालं होतं. तिसरीत पान नव्हतंच, नुसते डोळे होते, एकात एक. मी अकरा वड्या कापल्या. दहाव्या वडीला पावशी अडकून कोपरा तुटला, त्याबद्दल माफ कर. अकरातली एक दुसरीसारखी नाही. मी गॅलरीतल्या फरशीवर बसूनच राहिले. चहा तसाच राहिला, भंगारवाला खालून ओरडून निघून गेला.

वर्षभर तू हे माझ्या घरात करत होतीस आणि मी त्याला 'खेळ' म्हणत होते. तयार साबण मी शंभरदा पाहिले असतील. पण कापताना, ते पहिल्यांदा उघडताना, मी कधी समोर उभी राहिले नाही. ओतणारीलाही आत काय झालंय ते कापेपर्यंत कळत नाही म्हणतात, ते खरं आहे का? मग ही पेटी तू न बघताच गेलीस.

रिनाला हाक मारून दाखवावं असं फार वाटलं. मग आठवलं. वर्षावासाच्या समाप्तीला विहारात आपल्या घरचे एकवीस साबण वाटले गेले, बायकांच्या अंगाची आग झाली आणि रिनाच्या तोंडाची सालं आठ दिवस निघत होती. तेव्हापासून या कॉलनीत तुझ्या साबणाचं नाव कोणी काढत नाही. ते कसं झालं हे तुला माहीत आहे आणि मलाही. आज त्यावर नको.

सामान भंगारात दिलेलं नाही.

'तुझी आई' लिहावं की नाही कळेना, म्हणून नुसतं नाव लिहिते.

मीरा


ऊर्जानगर
१६ डिसेंबर

दिव्या, जयभीम.

तुझं उत्तर आलं नाही. मीही त्याची वाट पाहत नव्हते, असं लिहिणार होते, पण पोस्टमन मला दुरून पाहूनच मान हलवायला लागला आहे.

तुझी वही वाचली. न विचारता वाचली. पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलं आहेस, 'पाण्यात कॉस्टिक सोडा टाकायचा. सोड्यावर पाणी कधीच नाही.' खाली, 'भांडं स्टीलचंच.' पहिला नियम मी पाळला. दुसरा वाचून मला हसू आलं. चाळीस वर्षं भांडी घासलेल्या बाईला भांडं कोणतं घ्यावं हे काल आलेली पोर सांगणार! मी आपला डाळीचा अ‍ॅल्युमिनियमचा गंज घेतला.

पुढचं तुला न सांगताही कळलं असेल. गंज फुसफुसायला लागला, काळा पडला, त्यातून असा उग्र वास उठला की मी पदर नाकाला लावून जिन्यात पळाले. नशीब, अश्विन तेवढ्यात पाळीवरून आला. हातमोजे घालून त्याने ते सगळं निस्तरलं आणि मग भिंतीला टेकून हसायला लागला. "आई, आम्ही जल्मभर कॉस्टिकले भिऊन राह्यलो, अन् तू डाळीच्या गंजात घेऊन बसली!" तू गेल्यापासून पहिल्यांदा हसला.

दुसऱ्या दिवशी स्टीलचं पातेलं घेतलं. तुझा चष्मा लावला, तुझे मोजे घातले. थंड पाण्यात ते पांढरे दाणे सोडले, आणि दिव्या, भांडं तापलं! गॅस बंद. काडी ओढली नाही, कोळसा नाही. तुझा नवरा एवढीशी वाफ करायला रेल्वेच्या गाड्या भरभरून कोळसा जाळतो, आणि इथे मूठभर दाण्यांनी पाण्यातून वाफ काढली. बाहेरून हात लावला तर चटका बसला. मी एकटीच स्वयंपाकघरात 'अगं बाई, अगं बाई' करत होते.

मग तेल. खोबरेल आणि तुझ्या आईने पाठवलेलं मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं तेल. त्या तेलाचा डबा उघडला की मी स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची, तुला ऐकू जाईल असं आपटून. परवा मी त्याचा वास मुद्दाम छातीभर घेतला. वाईट नाही तो. सवयीचा नव्हता, एवढंच. आम्ही साऱ्या जगाला समतेचे धडे देतो, विहारात पहिल्या रांगेत बसतो, आणि माझ्याच घरात मी एका तेलाला शिवत नव्हते.

ढवळता ढवळता ते पातळ तेल कढीएवढं दाट झालं. पिवळ्या रंगासाठी चमचाभर हळद टाकली. ती टाकल्या टाकल्या लाल झाली, रक्तासारखी लाल. हळद आणि चुन्याचा हा प्रयोग मी तीस वर्षं चौथीच्या वर्गाला करून दाखवला आहे, म्हणजे मला आश्चर्य वाटायचं काही कारण नव्हतं. तरी हातातून चमचा पडला. शिकवणं वेगळं आणि आपल्या पातेल्यात होताना बघणं वेगळं.

दोन दिवसांनी कापला. आत सगळा एकच रंग, मेंदीच्या चोथ्याचा. तू मागे एकदा म्हणाली होतीस, "आई, जास्त घोटू नका, रंगाले त्याच्या मनानं जाऊ द्या." मी पुरण घोटतात तसं घोटलं होतं. तुझ्या हाताला थांबायचं कुठे ते कळतं. मला बासष्टाव्या वर्षी कळत नाही.

एक लिहून टाकते. विहारात वाटलेले साबण तू दिले नव्हतेस. मी उचलले. हे तुला नवीन नाही. पण मी कुठेतरी लिहिणं आवश्यक होतं.

मीरा


ऊर्जानगर
१८ जानेवारी

दिव्या, जयभीम.

तुझ्या वहीच्या चौदाव्या पानावर आहे, 'जिभेच्या टोकाला लावून बघायचं. चटका बसला तर अजून थांबायचं.' वाचून मला वाटलं, ही पोर मला वेड्यात काढते आहे. पण करून पाहिलं. माझा तो मेंदीच्या चोथ्याचा साबण पहिल्या आठवड्यात जिभेला लावला तर विजेच्या उघड्या तारेला लावावी तसा झटका बसला. डोळ्यांतून पाणी आलं. दुसऱ्या आठवड्यात कमी. तिसऱ्यात नुसती चुणचुण. काल लावला, काही नाही. साबणाची चव, बस.

हे कोणी केलं? मी तर त्याला हातही लावला नव्हता. फळीवर ठेवला आणि वारा लागत राहिला. जो सोडा डाळीचा गंज खातो, माझ्या हाताची कातडी एका थेंबाने उतरवतो, तो त्या तेलात असा विरून गेला की आज त्याने मी तान्ह्या बाळाला आंघोळ घालीन. विहारात भन्ते म्हणतात की सगळं बदलत असतं. मी मान हलवत होते. ते बदलणं जिभेने चाखलं ते आत्ता.

आता ऐक, दिव्या. हे मी दोन पत्रं टाळलं.

तुझ्या वरच्या फळीवर चिठ्ठी होती. '३ ऑक्टोबर, कापले. सहा आठवडे हात लावू नये.' ती चिठ्ठी मी वाचली होती. नीट, चष्मा लावून. समाप्तीला चार दिवस होते आणि सगळ्या बायका काही ना काही भेट आणणार होत्या. कोणी रुमाल, कोणी पेन. वर्षभर ज्याला मी खेळ म्हटलं, ते घेऊन मला मिरवायचं होतं. 'आमच्या घरचे आहेत,' असं म्हणायचं होतं. मी म्हटलं, साबण काय आंबा आहे, पिकत घालायला? ओढणी पसरली आणि एकवीस मोजून घेतले. कागदात बांधताना बोटं चुरचुरत होती. तरी थांबले नाही.

रिना चार बायकांना घेऊन दारात आली तेव्हा तू नुकतीच बाजारातून आली होतीस, हातात पिशवी होती. रिनाचं तोंड सोललेलं होतं. ती म्हणाली, "मीराबाई, हे काय देल्लं तुम्ही?" आणि मी म्हणाले, "मले का मालूम? सुनेनं काढून देल्ले, म्हणे तयार हाये. जंगलातल्या तेलाचा का भरवसा!"

तिथपर्यंत घाबरून म्हटलं असं मी स्वतःला समजावते. पण 'जंगलातल्या' हा शब्द भीतीने आला नव्हता. तो आधीपासून होता.

मग रिना तुला बोलली. तुम्हा गोंडांत अंगाला काहीही फासतात, आमच्यात चालत नाही, असं. तुझ्या आईचं नाव घेतलं. अश्विन आतून आला आणि एवढंच म्हणाला, "बंद कर हे सगळं." तू काही बोलली नाहीस. पिशवी खाली ठेवलीस आणि माझ्याकडे पाहिलंस. रागाने पाहिलं असतंस तर मी भांडले असते. तू वाट पाहत होतीस. ते मला तेव्हाच कळलं होतं.

त्यानंतर चोवीस दिवस तू त्याच घरात होतीस. मला पोळ्या वाढल्यास, माझ्या गुडघ्यांना तेल लावलंस, तेच तेल. रोज मी म्हणायचे, उद्या सांगते.

मीरा


ऊर्जानगर
८ फेब्रुवारी

दिव्या, जयभीम आणि तुमचा जय सेवा.

आज रविवार. वंदना झाली, सगळे उठायला लागले आणि मी म्हणाले, "बसा. मले बोलायचं हाये." माझा आवाज माहीतच आहे, बसले सगळे. शाळेतली पहिली तपासणी आठवली.

सगळं सांगितलं. चिठ्ठी, ओढणी, एकवीस साबण, दारातलं वाक्य. 'जंगलातल्या'सकट. वाक्य मऊ करून सांगायचं मनात आलं होतं, आदल्या दिवशी तशी तालीमही केली होती. ऐन वेळी ते मऊ वाक्य तोंडातून निघेना. मग फळीवरचे तीन साबण दाखवले. तू न पाहिलेल्या पेटीतले, आता पूर्ण तयार झालेले. तिथेच एका पोरीने पाणी आणलं, मी सगळ्यांसमोर त्या निळ्या साबणाने तोंड धुतलं आणि पुसलं. म्हटलं, "हा तिचा साबण. त्या दिवशी ज्यानं जाळलं तो माहा शहाणपणा."



मला वाटलं होतं, रिना ओरडेल. तिचा तो हक्क आहे. ती उठली, माझ्याजवळ आली, हळू बोलली. "मीराबाई, माह्या तोंडाची सालं निघाली, त्याचं काई नाई, आठ दिवसांत गेलं. पण मी त्या पोरीले जे बोलली ते तुम्ही माह्याकडून बोलवून घेतलं. ते आता मी कसं काढू?"

 एक खोटं मी बोलले असं मी धरून चालले होते. ते किती जणांच्या तोंडांतून फिरून आलं हे मी मोजलंच नव्हतं. त्यानंतर रिना माझ्याशी धड बोललेली नाही. पण संध्याकाळी दार वाजवून तिने हा कागद मागून घेतला. खालच्या ओळी तिच्या आहेत.

*दिव्या, मी रिना. तुह्या आईचं नाव घेतलं मी. तुह्या आईले मी पाह्यलंसुद्धा नाई. मले लई लाज वाटून राह्यली. तू ये म्हटलं तं मी तिथी येऊन त्यायच्या पाया पडतो. नाई म्हटलं तरी तुहं बरोबर हाये.*

मी बुधवारी निघते आहे. तुला परत आण असं मला कोणी सांगितलेलं नाही आणि 'चल' म्हणायचा मला अधिकारही नाही. पण जे विहारात बोलले ते तुझ्या आईवडिलांच्या अंगणात बोलायचं राहिलं आहे. दार लावून घेतलंस तर बाहेरून बोलीन. माझा आवाज पोचतो.

मीरा


मु. दिव्याचं गाव, पोंभुर्ण्याच्या पुढे
१३ फेब्रुवारी

चि. अश्विन,

मी बुधवारी संध्याकाळीच परत येईन असं सांगून निघाले होते. आज शुक्रवार. इथे फोन लागत नाही, म्हणून ऊर्जानगरला येणाऱ्या पवनबरोबर ही चिठ्ठी देते. तो दिव्याचा चुलतभाऊ. त्याला चहा पाज.

सगळं सांगते, पण आधी हे ऐक. दिव्याने साबण बंद केलेला नाही. एक दिवससुद्धा नाही. मी रस्ताभर मनात म्हणत होते की मी तिला तिचं काम परत देणार. मोठी देणारी! अंगणात पाऊल टाकलं तर मांडवाखाली बारा बायका बसलेल्या. एकीच्या पुढ्यात पळसाची फुलं, एकीकडे शेंद्रीच्या बिया कुटणं चाललेलं, एकीकडे कोळशाची वस्त्रगाळ भुकटी. पळसफुलांचं पिवळं पाणी साबणात पडलं आणि बघता बघता केशरी झालं. बारा बायकांमध्ये तुझी बायको उभी, डोळ्यांना चष्मा, आणि ती पसरट पेटीत एकाच जागी रंग ओतत होती. आधी पांढरा, त्याच्या पोटात केशरी, त्याच्या पोटात काळा. प्रत्येक नवा रंग आधीच्याला अलगद बाहेर सरकवत होता. पेटीत झाडाच्या बुंध्यावर असतात तशी वर्तुळं उमटत गेली. ढवळणं नाही, घोटणं नाही. मी पिशवी हातात धरून उभी होते. अश्विन, मी आयुष्यात पुष्कळ हुशार पोरं पाहिली, अशी पाहिली नाही. आणि ती वर्षभर माझ्या गॅलरीत, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली काम करत होती.

पेटी भरेपर्यंत तिने मान वर केली नाही. मग म्हणाली, "आई, उन्हात काऊन उभ्या राह्यल्या? सावलीत या."

मी तिथेच, बारा बायकांसमोर, तिच्या आईला आणि वडिलांना सगळं सांगितलं. व्याही बिरजूभाऊंनी खाली मान घालून ऐकलं. सोमारीबाई मधे एकदा गोंडीत काहीतरी म्हणाल्या, बायका माझ्याकडे पाहायला लागल्या. मी दिव्याला विचारलं, काय म्हणाल्या? तिने सांगितलं नाही. बरोबरच आहे.

संध्याकाळी चुलीपाशी मी तिला म्हटलं, तू त्या दिवशी दारात बोलली का नाहीस? मी दिले नाहीत, एवढं म्हणायचं होतंस. ती म्हणाली, "कोनं मानलं असतं, आई? ते तुम्ही म्हटलं असतं तरच खरं झालं असतं." मी रडले. तिने रडू दिलं. मग म्हणाली, "साबणाले सहा आठवडे लागते. तुम्हाले चार महिने लागले. लई कडक माल हाये तुम्ही." आणि हसली. माझ्याकडे पाहून नाही, चुलीकडे पाहून. पण हसली.

माझी पत्रं तिने सगळी वाचली आहेत. डाळीच्या गंजाचं पत्र तर बारा बायकांना मोठ्याने वाचून दाखवलं आहे. काल तिने त्यांना माझी ओळख करून दिली, "ह्या माह्या सासूबाई. यायले सोड्याच्या जवळ जाऊ देऊ नका." मला बिया निवडायला बसवलं आहे. चुकले तर सोमारीबाई हातावर चापट मारतात.

आता तुझं. ती परत येणार का, हेच तुला विचारायचं असेल. ती म्हणते, "बारा जणींचं काम टाकून मी येत नाई." रिनाला मात्र तिने ये म्हणून निरोप पाठवला आहे. तुला पाठवलेला नाही. का, ते मी विचारलं नाही, कारण मला माहीत आहे. त्या दिवशी तू 'बंद कर' म्हणालास. साबण कोणी उचलले, हे तू आजपर्यंत एकदाही विचारलं नाहीस. ना तिला, ना मला. मी खोटं बोलले, आणि ते खोटं तुला सोयीचं पडलं. आई आहे म्हणून मीच लिहिते, दुसरं कोण लिहील?

मी काही दिवस इथेच आहे. दूधवाल्याला नको सांग. रविवारी तुला सुट्टी आहे, ये. मिठाई आणू नकोस, फुलं तर मुळीच नको, इथे जंगल आहे. बोलायचं ते आधी बोल, मग बस. सोमारीबाईंनी तुझ्यापुरतं जेवण करायचं की नाही, ते दिव्यावर सोपवलं आहे. मी विचारून पाहिलं. ती म्हणाली, "येऊ तं द्या आधी."

तुझी आई